चुका वाचायचा दिवस

आमच्या राष्ट्रीय मापनसंस्थेचा शतकमहोत्सवी ग्रंथ समारंभानंतर वर्षभराने निघाला. चारशे बारा पानं. त्यातलं प्रत्येक पान मी तीनदा वाचलं आहे, आवडीने नव्हे, नोकरी म्हणून. मी तिथला मुद्रितशोधक होतो. ग्रंथात सात संचालकांचे फोटो आहेत, नव्या इमारतीचे चार आहेत, आवारातल्या कारंज्याचा तर रंगीत आहे. संस्थेचं नाक जिने राखलं तिच्याबद्दल मात्र अवाक्षर नाही. तिच्यावर मी दोन पानं लिहिली होती, ती माझ्याच हाताने काढायला लावली. तेव्हा मी मुकाट्याने काढली. आता निवृत्त झालोय आणि मुकाट बसण्याचं काही कारण उरलेलं नाही.

तोंडावर आम्ही तिला ताई म्हणायचो, पाठीमागे मिलिमीटरबाई. उपाहारगृहातलं टेबल डुगडुगलं की ती जेवण थांबवून पायाखाली कागदाची घडी सारायची आणि पेल्यातलं पाणी स्थिर झाल्याशिवाय घास घ्यायची नाही. कोणी म्हणालं, "माझं घर इथून जवळच आहे," की ही विचारणार, "जवळ म्हणजे किती?" मला ती कायम शुद्धलेखन म्हणत आली. "काय शुद्धलेखन, आज किती जणांची अब्रू वाचवलीत?" असं विचारून पुढे निघून जायची.

बसचालकाची ही मुलगी. बाविसाव्या वर्षी संस्थेत पट्टी धरायला लागली. जमिनीची पातळी मोजायचं काम दोघांचं असतं. एकाने आकडे रंगवलेली उंच पट्टी सरळ उभी धरायची, दुसऱ्याने साठ पावलांवरून दुर्बिणीतून तिच्यावरचा आकडा वाचायचा. आकडा मोठा असेल तर जमीन खाली, लहान असेल तर वर. शास्त्र एवढंच, बाकी सगळा चिकाटीचा मामला. असं पट्टीमागे पट्टी करत एका खुणेच्या दगडापासून दुसऱ्यापर्यंत मैलोन्‌मैल जायचं, आणि पोचलं की त्याच वाटेने मोजत परत यायचं. त्याला परतीची फेरी म्हणतात. जाताना आणि येताना आकडे जुळले तरच मोजणी खरी. ताईने चार वर्षं पट्टी धरली, मग तिची नजर बघून तिला दुर्बिणीवर बसवलं.

तेव्हाच्या दुर्बिणीतून सगळं जग उलटं दिसायचं. पट्टी डोक्यावर उभी, माणूस डोक्यावर उभा, आकडे वरून खाली वाढत जाणारे. नवशिक्याला भोवळ यायची. ताई आठ वर्षं त्या उलट्या जगात इतकी रुळली होती, की सरळ जगात तिला आकडे वाचायला एखादा क्षण जास्त लागायचा. मग नवी यंत्रं आली, सुलटं दाखवणारी. सगळ्यांनी हुश्श केलं.

आता संस्थेबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. देशात पहिलं निवडून आलेलं सभागृह भरलं तेव्हा त्याने पहिले नऊ दिवस काठी कोणाच्या हातात असावी यावर भांडण्यात घालवले. त्याआधी शेत मोजायची काठी राजवाड्याची असे आणि वसुली करायची वेळ आली की ती आखडे. सरकारच्या हाती काठी नको, हे सगळ्यांनाच पटत होतं. पण स्वतंत्र संस्था काढली तर ती तरी खोटं बोलणार नाही कशावरून, इथे घोडं अडलं. शेवटी एक शाळामास्तर उठले. ते म्हणाले, "चुका सगळेच करतील. पोसणार आपण आहोत, तर चुका आपल्याला ऐकवा." त्यातून कायद्यातलं अकरावं कलम आलं. दरवर्षी स्थापनेच्या दिवशी, संस्थेच्या सभागृहाची दारं उघडी ठेवून, ज्याची चूक त्याने उभं राहून ती स्वतः वाचायची. ऐकायला कोणीही यावं. आणि प्रत्येक चुकीवर कोणाही नागरिकाने एक प्रश्न विचारावा, त्याचं उत्तर तिथल्या तिथे द्यावं.

संस्थेचं सगळं वजन या एका कलमाने आलं, असं माझं ठाम मत आहे. संसदेत दोन बाजू एकमेकांच्या उरावर बसायच्या, पण आकडा आमचा असला की त्यावर वाद नसायचा, कारण चुकला असता तर आम्हीच सांगितलं असतं. मध्ये सहा वर्षं हुकूमशाही आली. तिने सभागृहाला कुलूप ठोकलं. आमच्या लोकांनी बाहेर पायरीवर उभं राहून चुका वाचल्या, श्रोते म्हणजे चार कबुतरं आणि एक खबऱ्या. त्या सहा वर्षांतल्या वाचनांची एकमेव नोंद आज उपलब्ध आहे ती त्या खबऱ्याच्या टिपणांत. बिचाऱ्याने एकेक दशांश चिन्हसुद्धा नीट उतरवून घेतलं होतं.

हुकूमशहाला जे जमलं नाही ते नंतर आमच्या कंटाळ्याने करून दाखवलं. वाचन दहा मिनिटांवर आलं. कोण्या तक्त्यातले दोन रकाने अदलाबदल झाले, कोण्या वजनाला गंजाचा ठिपका होता, असल्या निरुपद्रवी चुका निवडून वाचायच्या, प्रश्न कोणी विचारायचा नाही आणि चहा प्यायला पळायचं.

शताब्दीच्या वर्षी ताईला चूक सापडली, तीही स्वतःची आणि एकोणीस वर्षांपूर्वीची. नदीकाठच्या वस्तीत एक शिवणवाली होती, तिच्याकडे ताईचे कपडे असायचे. त्या वस्तीतली चौसष्ट घरं पूररेषेच्या खाली येतात म्हणून पाडायचा हुकूम निघाला होता. शिवणवाली बटण लावता लावता म्हणाली, "मोठा पूर आला तेव्हा पाणी खालच्या गल्लीच्या पायरीला लागून परत गेलं. माझ्या दारात थेंब नाही. आणि तुमचा नकाशा म्हणतो मी बुडाले." ताईने ब्लाउज तिथेच टाकला आणि संस्थेत येऊन जुनी मोजणीवही काढली.

मी त्या दिवशी अभिलेखागारातच होतो. तिने वही उघडली, बोट एका आकड्यावर ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही. १.४४ असं लिहिलेलं होतं. तारीख नवं यंत्र मिळाल्यानंतरच्या तिसऱ्या दिवसाची.

"शुद्धलेखन, हा एक छत्तीस आहे," ती म्हणाली.

मला काही उमगेना. मग तिने कागदावर पट्टी काढून दाखवली. दुर्बिणीतली आडवी तार १.४० च्या खुणेच्या चार सेंटीमीटर खाली होती. सुलट्या यंत्रात खाली म्हणजे आकडा उतरतो. पण तिच्या आठ वर्षांच्या सवयीच्या डोळ्याला खाली म्हणजे चढतं माहीत होतं. सकाळभर सावध राहून तिने बरोबर वाचलं होतं, आणि एकदाच, वस्तीच्या तोंडाशी, डोळा जुन्या वाटेने गेला होता. आकडा वाढला आणि अख्खी वस्ती कागदावर आठ सेंटीमीटर खाली बसली. चार बोटं.

"तुम्हाला आठवतंय?"

"आकडा नाही आठवत. पण माझा डोळा मला माहीत आहे. वहीतले पुढचे उतार बघा, जमीन इथेच एकदम खचल्यासारखी दिसते. ती खचलेली नाही."

मी म्हणालो, "पण मग परतीच्या फेरीत सापडायला हवं होतं." तिने पान उलटलं. तिथे तिच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'परतीची फेरी पूर्ण. फरक मर्यादेत.' खाली सही.

परतीची फेरी झालीच नव्हती. त्या दुपारी तिच्या वडिलांना झटका आल्याचा निरोप आला होता, संस्थेची गाडी परत निघाली होती, पुन्हा केव्हा मिळेल याचा भरवसा नव्हता. तिने ओळ लिहिली, सही ठोकली आणि इस्पितळ गाठलं. वडील वाचले, पुढे चार वर्षं जगले. नंतर कधीतरी जाऊन फेरी पुरी करू असं ती पहिला महिनाभर म्हणत होती, मग म्हणायची थांबली. हे तिने मला त्या अभिलेखागारात, माझ्याकडे न बघता सांगितलं. मला तिचा राग आला, हे लिहून ठेवतो. जिच्यापुढे आम्ही अर्धा कप चहासुद्धा घाबरत अर्धा म्हणायचो, तिने हे करावं.

दुसऱ्या दिवशी ती संचालकसाहेबांकडे गेली आणि मलाही बरोबर नेलं, का ते तिलाच ठाऊक. साहेब वाईट माणूस नव्हता. त्याच्या डोक्यावर टांगती तलवार होती: संस्था बंद करून तिचं काम मंत्रालयाच्या एका विभागाकडे द्यायचं विधेयक तयार होतं. स्थापनेच्या दिवसाला आठवडा उरला होता आणि शताब्दीच्या समारंभाला खुद्द मंत्री येणार होते.

"ताई, आत्ता नको," तो म्हणाला. "ते अशाच एखाद्या गोष्टीची वाट बघतायत. महिन्याभराने मी स्वतः फेरमोजणी लावतो, गुपचूप. कोणाला कळायचं नाही."

"वस्ती नऊ दिवसांत पाडणार आहेत."

"मी फोन करून लांबवतो."

"काय सांगून लांबवणार?"

साहेबाने विषय बदलला. म्हणाला, "आणि ती परतीची फेरी? तेही वाचणार? चूक म्हणजे चूक, ती माफ आहे. पण ही खोटी नोंद आहे. नोकरी जाईल तुमची. समारंभात मानपत्र द्यायचं ठरलंय तुम्हाला, यादीत पहिलं नाव आहे."

"काढा मग ते यादीतून," ताई म्हणाली. "छापायच्या आधी सांगितलं म्हणून शुद्धलेखनला बरं वाटेल."

"ताई, संस्था वाचली पाहिजे हो."

तेव्हा तिचा आवाज चढला. एकतीस वर्षांत मी तो चढलेला ऐकला नव्हता. "कशासाठी वाचवायची साहेब? कारंज्यासाठी? हुकूमशहाला न घाबरता पायरीवर उभे राहिले ते आपले लोक, आणि आपण एका मंत्र्याला घाबरून चौसष्ट घरांवर बुलडोझर घालायचा? मग मंत्रालयातच जाऊन बसू की, तिथे खुर्च्या चांगल्या आहेत."

साहेबांनी त्या संध्याकाळी चुकांचं वाचन कार्यक्रमातूनच काढून टाकलं. त्याऐवजी 'वाचनाची गौरवशाली परंपरा' असा एक फलक बाहेर लावायचं ठरलं. कार्यक्रमपत्रिका माझ्याकडे आली, सातवा क्रमांक कापलेला. मी भित्रा माणूस आहे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या, स्वतः एकही केली नाही, कारण स्वतः काही केलंच नाही. त्या दिवशी मी लाल पेनने सातवा क्रमांक परत लिहिला, 'कलम अकरानुसार वाचन', आणि पत्रिका छापायला धाडली. साहेबांनी ती पाहिली ती थेट सभागृहात, मंत्र्यांच्या हातात.

सभागृह खच्चून भरलं होतं. भाषणं झाली, चित्रफीत झाली. सातव्या क्रमांकावर निवेदिका अडखळली आणि साहेबांकडे बघू लागली. ताई तेवढ्यात उठली होती. ती मंचाकडे गेलीच नाही. वही काखेत मारून सरळ मागे गेली आणि दाराशी उभ्या असलेल्या सुरक्षारक्षकाला म्हणाली, "दार उघडा."

"बाई, मंत्री आत आहेत."

"म्हणूनच तर. कायदा त्यांच्याच संसदेने केलाय, दार उघडं लागतं."

त्याने साहेबांकडे बघितलं. साहेब स्वतःचे बूट बघत होते. ताईने स्वतः कडी काढली आणि दोन्ही दारं सताड उघडली. मंत्र्यांना निवेदन द्यायला आलेली वस्तीतली माणसं सकाळपासून बाहेर आवारात थांबवून ठेवली होती. दार उघडलं तशी ती आत आली आणि मागच्या भिंतीला लागून उभी राहिली. शिवणवाली पुढे होती, गळ्यात मोजपट्टी तशीच लोंबत होती.

ताई मंचावर गेली, वही उघडली आणि वाचलं. तारीख, यंत्राचा क्रमांक, ठिकाण. "वाचलेला आकडा एक चव्वेचाळीस. माझ्या मते खरा आकडा एक छत्तीस. कारण, मी उलट्या यंत्राच्या सवयीने आकडा उलट्या दिशेने मोजला. परिणाम, नदीकाठची वस्ती नकाशावर आठ सेंटीमीटर खाली दाखवली गेली." मग तिने पान उलटलं. "दुसरी नोंद. परतीची फेरी पूर्ण, असं मी लिहिलं आहे. ती मी केली नाही. ही चूक नाही, हे खोटं आहे. ते वाचण्यासाठी कलमात जागा नाही, म्हणून याच जागेवर वाचते आहे."

मंत्री संचालकसाहेबांच्या कानाशी लागले. पहिल्या रांगेतले दोघं-चौघं उठून उभे राहिले, पण जावं की बसावं ते त्यांना ठरवता येईना. शिवणवालीने मागून हात वर केला.

"आमची घरं रेषेच्या वर आहेत का?"

सगळ्यांना उत्तर ठाऊक होतं, निदान तसं वाटत होतं. ताई म्हणाली, "मला माहीत नाही. परत मोजल्याशिवाय कोणालाच माहीत नाही."

मागे कुजबुज झाली. एवढं सगळं करून ही बाई माहीत नाही म्हणते. शिवणवालीने पुन्हा विचारलं, "आणि मोजल्यावर खालीच निघालो तर?"

निवेदिका म्हणाली, "प्रश्न एकच विचारता येतो."

"असू दे," ताई म्हणाली. "खाली निघालात तर तेही सांगेन. तोंडावर येऊन सांगेन."

संस्थेने जाहीरपणे मागे घेतलेल्या आकड्यावर कोणाचं घर पाडता येत नाही, त्यामुळे हुकूम त्याच दिवशी थांबला. विधेयकाचं म्हणाल तर ते दोन महिन्यांनी संसदेत आलं. विरोधातल्या एका सदस्याने ताईने त्या दिवशी वाचलेली वहीतली दोन पानं जशीच्या तशी वाचून दाखवली आणि विचारलं, मंत्रालयातल्या कोणत्या विभागात असं वाचन होतं ते सांगा. सत्ताधारी बाकांवरूनही विधेयकाला पुरेशी मतं मिळाली नाहीत. संस्था वाचली. ताईची नोकरी गेली. खोट्या नोंदीबद्दल बडतर्फ, निवृत्तीला पाच वर्षं असताना. साहेबांनी हुकमाचा मसुदा गुळमुळीत केला होता, 'काही प्रशासकीय कारणास्तव' वगैरे. ताईने तो परत पाठवून काय ते स्पष्ट लिहायला लावलं. साहेब मला म्हणाले, "ही बाई मला झोपू देणार नाही." मी म्हणालो, "साहेब, आधी झोपत होतात ते चुकीचं होतं." आयुष्यात साहेबाला दिलेलं हे माझं एकमेव उत्तर.

फेरमोजणी दुसऱ्या दोघांनी केली. ताईला यंत्राला हात लावायची मनाई होती, म्हणून ती रस्त्याच्या पलीकडून चालत होती, हात पाठीमागे बांधून. वस्तीतली माणसं पट्टीभोवती गोळा व्हायची आणि आकडा मोठ्याने ओरडायची. दुर्बिणीवरचा माणूस वैतागला, पण आकडे जुळत होते म्हणून त्याला बोलता येईना. ते दगडापर्यंत गेले आणि मोजत परत आले. ताईचा अंदाज बरोबर होता, चूक आठ सेंटीमीटरचीच होती. चौसष्टपैकी एक्केचाळीस घरं रेषेच्या वर निघाली. तेवीस खालीच राहिली. शिवणवालीचं घर त्या तेविसांत होतं, दोन सेंटीमीटर खाली.

हे सांगायला ताई स्वतः गेली, आणि पुन्हा मला बरोबर नेलं. शिवणवाली शिवणयंत्रावर होती. ताईने उभ्या उभ्याच सांगितलं, "दोन सेंटीमीटर. खाली."

यंत्र थांबलं. आता ही ताईला दोन शब्द सुनावणार आणि ते ऐकून घ्यावे लागणार, असंच मला वाटलं.

"जाताना मोजलं, येताना मोजलं?" शिवणवालीने विचारलं.

"दोन्ही वेळा. मी बघत होते."

"म्हणजे आता हा आकडा पक्का."

"पक्का."

शिवणवालीने गळ्यातली मोजपट्टी काढली, दोन सेंटीमीटरवर नखाने खूण केली आणि ती ताईसमोर धरली. "एवढ्यासाठी घर सोडू?" ती म्हणाली. "नदीचा बांध का नाही वाढवत हे? इतके दिवस भांडायचं तर कशाशी भांडायचं तेच कळत नव्हतं. ताई, बसा. तुम्हाला सरकारी भाषा येते. अर्ज लिहायचाय."

"माझी सही आता चालत नाही."

"सही आमची. तुम्ही फक्त लिहा."

ताई कापडाच्या गठ्ठ्यावर बसली आणि तिने लिहिलं. शिवणवाली सांगत गेली, ताई मधूनमधून शब्द बदलत गेली, दोघींचं एकदा जोरात वाजलंही. अर्ज पुरा झाल्यावर शुद्धलेखन तपासायला म्हणून तो माझ्या हातात दिला. मी सवयीने लाल पेन काढलं, पण खूण करण्यासारखी एकही चूक नव्हती. अर्ज दोनच ओळींचा होता. 'आमची तेवीस घरं पूररेषेच्या खाली आहेत, हा आकडा आम्हाला मान्य आहे. घरं पाडायचा हुकूम मान्य नाही, बांध वाढवा.'

संध्याकाळपर्यंत त्याखाली तेवीस घरांच्या सह्या झाल्या होत्या.